काचपेटीवर चढलेले क्षार काढायचे कसे?

वाघोलीत आमच्या सोसायटीला वर्षातले आठ महिने बोअरचं पाणी आणि उरलेले चार महिने टँकरचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरचं. डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरी दाढी उगवते. या सगळ्याची सवय झाली होती. मग घरात क्रेस्टेड गेको, म्हणजे पाळायची एक परदेशी पाल, आला. त्याच्या काचपेटीत रोज संध्याकाळी फवारा मारायला लागलो आणि तीन आठवड्यांत समोरची काच बाथरूमच्या खिडकीसारखी दुधी झाली. आतला प्राणी जागा आहे की झोपलाय, हे अंदाजानेच ओळखायचं.

मी काय केलं? घासली. भांड्यांची हिरवी घासणी घेतली आणि रविवारची अख्खी सकाळ घालवली. काच होती तशीच राहिली आणि पेटीच्या ॲक्रिलिकच्या झडपेवर मात्र कायमचे ओरखडे उठले. ते आजही आहेत. वर्षभराने भाच्याने "मामा, आता तू सांभाळ" म्हणत एक लाल कानाचं स्लायडर कासव आणून दिलं. तेव्हा पाण्याच्या टँकवर चढणारे क्षार हे वेगळंच प्रकरण असतं, हेही कळलं. नव्याने असे प्राणी पाळणाऱ्यांचा तेवढा रविवार वाचावा म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तारा कासव, घोरपड, अजगर असे आपल्याकडचे प्राणी घरात ठेवायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बंदी आहे. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची, उदाहरणार्थ हिरवा इग्वाना किंवा बॉल पायथन, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नीट असतील तर पुढचं वाचा.

ते पांढरं नक्की काय आहे?

पेटीत पांढरं दिसलं की तो क्षारच, असं समजू नका. माझ्या पेटीत तीन वेगवेगळे पांढरे पदार्थ निघाले.

पहिला अर्थातच पाण्यातला चुना. जमिनीतून येताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं विरघळलेली असतात. थेंब काचेवर वाळला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाणी उडून जातं आणि मागे उरतं कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ओल्या फडक्याने पुसलं की काच स्वच्छ वाटते आणि वाळली की डाग पुन्हा हजर. डाग गेलेलाच नसतो, ओला असताना दिसत नसतो एवढंच.

दुसरा म्हणजे प्राण्याच्या विष्ठेतला पांढरा भाग. सरपटणारे प्राणी आपल्यासारखी पातळ लघवी फारशी करत नाहीत. बरेचसे जण युरिक ॲसिडचे क्षार खडूसारख्या घट्ट गोळ्याच्या रूपात टाकतात. तो काचेवर ओघळून वाळला की हुबेहूब चुन्यासारखा दिसतो. यावर व्हिनेगर ओतून उपयोग शून्य, कारण युरिक ॲसिड आम्लात आणखीच कमी विरघळतं. कोमट पाण्याचं ओलं फडकं दहा मिनिटं चिकटवून ठेवा आणि मऊ झाल्यावर उचला.

तिसरा तुम्हीच टाकलेला असतो. झुरळांना आणि नाकतोड्यांना चोळायची कॅल्शियमची भुकटी! ती पाण्याबरोबर काचेवर जाते आणि तिथे बसते. ती बहुधा कॅल्शियम कार्बोनेटच असते, त्यामुळे काढायची पद्धत चुन्याचीच.

ओळखायचं कसं? कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरचा एक थेंब डागावर टेकवा आणि जवळून बघा. बारीक बुडबुडे आले तर कार्बोनेट. काहीच झालं नाही आणि डाग कोमट पाण्याने मऊ पडला तर विष्ठेतला. डाग साध्या पाण्यात चटकन विरघळून गेला तर ते सोडियमचे क्षार. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना हे जास्त दिसतील. बुडबुडे नाहीत, मऊ पडत नाही, बोटाला काचेसारखंच गुळगुळीत लागतं, अशी धूसर झाक असेल तर बहुधा ती सिलिका आहे किंवा काचच खराब झाली आहे. त्यावर शेवटी येतो.

पाणी किती जड आहे ते एकदा मोजा

दुकानात मिळणारं टीडीएस मीटर बरेच जण वापरतात. ते पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं, मिठाचासुद्धा. जडपणा वेगळा काढायचा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचे जीएच आणि केएच संच मिळतात. जीएच म्हणजे एकूण जडपणा, केएच म्हणजे कार्बोनेटचा जडपणा. काचेवर पुटं चढवणारा खरा गुन्हेगार केएच. या संचातला एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे माणसांना पिण्यासाठी मानकानुसार ठीक असलेलं पाणीही काचेची पार वाट लावू शकतं.

हिशेब बघा. पाण्याचा जडपणा ४०० धरला आणि दिवसाला २०० मिलिलिटर फवारा मारला, तर रोज ८० मिलिग्रॅम आणि महिन्याला जवळजवळ अडीच ग्रॅम क्षार तुम्ही पेटीत टाकता. थोडे मातीत जातात, थोडे पानांवर, बाकीचे काचेवर. पानवाल्याने दोन-चार पानांना लावावा इतका चुना, दर महिन्याला.

संच आणायचा नसेल तर सोपी गोष्ट करा. काळ्या मोबाइलच्या जुन्या काचेवर किंवा आरशावर तीन थेंब ठेवा: नळाचं पाणी, आरओचं पाणी, आणि आरओच्या बाहेर जाणाऱ्या नळीचं. रात्रभर वाळू द्या. सकाळी जे दिसेल त्यानंतर मला काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

पुण्यात शहराच्या मधल्या भागात खडकवासल्याचं पाणी येतं, ते तसं मऊ. तिथला मित्र "आमच्याकडे नाही बुवा असं होत" म्हणतो, ते त्याच्या स्वच्छतेमुळे नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात मुरलेलं, खोल बोअरमधून उपसलेलं पाणी वेगळं आणि सह्याद्रीच्या पावसाचं धरणात साठलेलं पाणी वेगळं.

कशाने काढायचं, आणि कशाने मुळीच नाही

चुना आम्लात विरघळतो. सौम्य आम्लं दोन, दोन्ही किराणा दुकानात मिळतात.

पांढरं व्हिनेगर. आपल्याकडच्या बाटलीत साधारण चार टक्के आम्ल असतं. ते पाणी न घालता तसंच वापरा. कागदावरच्या हिशेबाने १०० मिलिलिटर व्हिनेगर तीन ग्रॅमहून थोडा जास्त चुना विरघळवतं, म्हणजे वरचा महिन्याभराचा अडीच ग्रॅम त्यात सहज बसला. लाल किंवा काळं व्हिनेगर नको, त्याचे डाग काढत बसाल.

लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक ॲसिड. पाव लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे. वास नसतो, स्वस्त पडतं, आणि मला तेच आवडतं. फक्त दोन गोष्टी पाळा. पाणी कोमट असावं, उकळतं नको, आणि काचेवर ते वाळू द्यायचं नाही. गरम द्रावणातून कॅल्शियम सायट्रेट नावाचा नवा पांढरा थर बसतो, आणि एक काढून दुसरा लावला अशी गत होते. ताजं लिंबू चोळणारेही आहेत. चालतं, पण गर आणि साखर मागे राहते, मुंग्या येतात. लिंबू सरबतासाठी ठेवा.

आता नको ते. फरशीचं ॲसिड, संडास धुवायची द्रावणं यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चुना क्षणात जातो हे खरं, पण जाळीचं जस्त, तुमची बोटं आणि फुप्फुसंही त्याच रांगेत उभी असतात. फिनाइल आणि पाइन तेलाचे जंतुनाशक पेटीच्या जवळपासही नकोत, त्यातली द्रव्यं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी आहेत. सुगंधी काच-पुसणी द्रावणंही आत मारू नका.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. लिंबूसत्त्वही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. जंतुनाशकासाठी ब्लीच वापरायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, आम्ल पूर्ण धुऊन गेल्यावर.

काचेचं काम, क्रमाने

पहिलं काम म्हणजे प्राणी बाहेर काढणं. व्हिनेगरची वाफ आपल्या नाकाला झोंबते, तर वीतभर प्राण्याचं काय होत असेल. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, आत ओला टिश्यू, झाकण कडीबंद, आणि डबा सावलीत. गेको उडी मारतो आणि घाबरला तर शेपटी टाकतो. क्रेस्टेड गेकोची शेपटी परत येत नाही. तेव्हा पकडापकडीची घाई नको. तापमान २८ अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळी सातला, दुपारी नाही.

मग दिवे, हीटर, पंप, सगळ्यांचे प्लग काढा. नुसती बटणं बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

माती, झाडं आत असतील तर काचेच्या बुडाशी जुना टॉवेल गुंडाळून ठेवा, म्हणजे आम्ल मातीत उतरणार नाही. मातीत किडे आणि शेवाळ जिवंत ठेवलं असेल तर हे विसरूच नका.

आता मुख्य गोष्ट. काचेवर व्हिनेगर फवारून लगेच घासायला घेतात, तिथेच सगळे चुकतात. उभ्या काचेवरून ते दोन मिनिटांत ओघळून जातं. टिश्यू पेपरचे तुकडे व्हिनेगरमध्ये भिजवून डागांवर चिकटवा, पोटीस लावतात तसे. वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म किंवा दुधाच्या पिशवीचा कापलेला तुकडा लावा, म्हणजे वाळत नाही. पंधरा ते वीस मिनिटं थांबा. चहा करा. थर जुना असेल तर टिश्यू बदलून आणखी वीस मिनिटं.

टिश्यू काढून मऊ फडक्याने गोल फिरवत पुसा. उरलेले कडक खडे असतील तर जुनं एटीएम कार्ड काचेला आडवं धरून ओढा. दाढीचं पातं चालतं, पण ते फक्त खऱ्या काचेवर, काच ओली असताना, जवळजवळ सपाट धरून. कडेच्या सिलिकॉनला पातं लागलं तर पाण्याच्या टँकची गळती तुम्हीच सुरू केली म्हणून समजा. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर पातं नाही, घासणी नाही, दंतमंजनसुद्धा नाही. तिथे फक्त भिजवणं आणि सुती फडकं. (ती झडप बघायला या कधी.)

नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा, शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. शेवटच्या पुसण्याला बोअरचं पाणी वापरलं तर सगळी मेहनत नव्या थराचा पाया ठरते. कोरड्या मायक्रोफायबरने काच पूर्ण सुकवा. दरवाजे उघडे ठेवून अर्धा तास हवा खेळू द्या. नाक आत घालून हुंगा. वास येत नसेल तरच प्राणी परत.

काचेपलीकडच्या वस्तू

पाण्याची वाटी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दिसायला नुसती पांढरी कड असते, पण ती खरखरीत कड जंतूंच्या बुळबुळीत थराला धरून ठेवते, आणि वाटी धुतली तरी तो थर तिथेच राहतो. चिनीमातीची किंवा स्टीलची वाटी अर्धा तास लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा, ब्रशने घासा, धुवा. साध्या मातीच्या वाटीत क्षार आतपर्यंत मुरतात आणि बाहेरून फुलोऱ्यासारखे येत राहतात. तिला फार जीव लावू नका, कुंभाराकडे नवी मिळते.

दगडांबाबत मात्र सावध राहा. ऊन शेकायला आपल्याकडे हमखास शहाबादी किंवा कडाप्पाचा तुकडा ठेवतात. हे दोन्ही चुनखडीचेच दगड. व्हिनेगर टाकलं की डागाबरोबर दगडही फसफसायला लागतो. मी घरातल्या कडाप्प्यावर हा प्रयोग नकळत केला, आणि त्या काळ्या फरशीवर आता एक राखाडी नकाशा आहे. संगमरवराचंही तेच. या दगडांना फक्त ब्रश आणि पाणी. काळ्या बसाल्टला, नदीतल्या काळ्या गोट्याला आम्लाने काही होत नाही. शंका असेल तर दगडाच्या तळाशी एक थेंब टाकून बघा. सिमेंटने बनवलेल्या गुहाही चुन्याच्याच, त्यांनाही आम्ल नको.

आपोआप फवारणारी यंत्रणा असेल तर क्षार सगळ्यात आधी नोझलमध्ये अडकतात. फवारा धुक्यासारखा यायचा तो पिचकारीसारखा तिरपा येऊ लागला की समजा. नोझल खोलून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि उलट्या बाजूने पाणी फुंका. टाचणी घालू नका. भोक इतकं बारीक असतं की टाचणीने ते मोठं होतं आणि मग ते नोझल फक्त गळतं. महिन्यातून एकदा टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी भरून नळ्या बादलीत सोडायच्या, पाच मिनिटं पंप चालवायचा, मग दोनदा साधं आरओचं पाणी. हे सगळं पेटीच्या बाहेर.

धुकं करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यात बोअरचं पाणी घालूच नये. हे यंत्र पाणी उकळत नाही, थेंबांचे बारीक कण करून क्षारांसकट हवेत उडवतं. मग टीव्हीपासून पानांपर्यंत सगळीकडे पांढरी पूड बसते, आणि प्राणी तीच हवा श्वासात घेतो. चकतीवर क्षार चढले तर इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून हलकेच फिरवा, खरवडू नका.

यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा बंद करून, थंड झाल्यावर, आरओच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. फवाऱ्याचे थेंब ट्यूबवर आणि वरच्या जाळीवर वाळत राहतात, आणि प्राण्यापर्यंत पोचणारे किरण कमी होतात. दिसणारा उजेड तेवढाच असतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. तापलेल्या दिव्यावर फवारा गेला तर काच तडकते, हे वेगळं. जाळी जस्त चढवलेली असेल तर व्हिनेगर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, लगेच धुवा.

कासवाचा टँक

इथे क्षार डागांच्या रूपात येत नाहीत, पट्टा बनून येतात. पाण्याच्या पातळीवर चारही बाजूंनी पांढरी किनार. कारण सोपं आहे. उडून जातं ते फक्त पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. आपण कमी झालेलं पाणी पुन्हा बोअरच्या पाण्याने भरतो, म्हणजे आणखी क्षार ओततो. असं चार आठवडे केलं की टँकमधलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. मिठागरात वेगळं काय करतात?

म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी काढून टाकून नवं भरा. नव्यात अर्धं बोअरचं, अर्धं आरओचं. पूर्ण टँक आरओच्या पाण्याने भरायची गरज नाही, आणि परवडतही नाही. जड पाणी पिऊन किंवा त्यात पोहून स्लायडरचं काही बिघडत नाही. बिघडतात ते हीटर, फिल्टर आणि आपला मूड.

किनार काढायला पाणी दहा-बारा सेंटिमीटर खाली आणा आणि काचेसारखीच टिश्यूची पोटीस लावा. व्हिनेगर पाण्यात गळालं तर ते पाणी बदला. कासव तोपर्यंत टबात.

हीटरवर क्षार सगळ्यात जाड बसतात, कारण कॅल्शियम कार्बोनेटची गंमत साखरेच्या उलट आहे: पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. आपल्या गिझरच्या कॉइलचं दुखणं तेच. हीटर बंद करून वीस मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या. गरम हीटर बाहेर काढला तर काचेची नळी तडकते. मग उंच ग्लासात व्हिनेगर घेऊन काचेचा भाग त्यात उभा करा, वायरची टोपी बाहेर. फिल्टरच्या पंपातलं छोटं चुंबकी चाकही काढून असंच भिजवा. पंप घरघर करायला लागला असेल तर निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं.

हे सगळं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका. कासवं साल्मोनेला जंतू बाळगतात, स्वतः आजारी नसतानाही. अमेरिकेत मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं विकायला बंदी आली. बाथरूममध्ये वेगळी बादली, वेगळा ब्रश, आणि नंतर हात साबणाने. फेस येईपर्यंत. आमच्याकडे त्याला वेळ लागतो.

(आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर तळ्यात सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.)

कासवाच्या पाठीवर पांढरं दिसलं तर

नवे लोक इथे दोन टोकं गाठतात. एक तर रोग समजून घाबरतात, नाही तर क्षार समजून दुर्लक्ष करतात.

कासव ऊन शेकायला दगडावर चढतं, पाठ वाळते आणि पाण्याचे क्षार तिथेच बसतात. अशी पांढरी झाक पाण्यात गेलं की दिसेनाशी होते आणि वाळल्यावर परत येते, हाताला पाठ टणक लागते, वास नसतो. आरओच्या पाण्यात मऊ टूथब्रश बुडवून आठवड्यातून एकदा हलकेच फिरवलं तरी पुरे. पूर्ण गेली नाही तरी बिघडत नाही. कुणी काही म्हटलं तरी व्हिनेगर प्राण्याच्या अंगाला लावू नका. पाठीवरच्या बारीक चिरा आणि कडेची कातडी आपल्याला दिसत नाहीत, आम्लाला बरोबर सापडतात. तेल तर नकोच.

पण पांढरा भाग दाबल्यावर मऊ लागला, खड्डा पडलेला दिसला, कुबट वास आला, कडेने लालसर झालं किंवा ओला असतानाही कापसासारखा दिसत राहिला, तर तो क्षार नाही. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य गाठा. सगळे पशुवैद्य हे प्राणी बघत नाहीत, म्हणून गरज पडण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

परत चढू नयेत म्हणून

फवाऱ्याला आरओचं पाणी. एवढं केलं की नव्वद टक्के काम झालं. गेको काचेवरचे थेंब चाटून पाणी पितो, त्यालाही ते चालतं. क्षार आणि कॅल्शियम त्याला खाण्यातून मिळतात. दिवसाला पेलाभर पाणी लागतं, त्याचा खर्च काय तो.

आरओच्या बाहेर जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसतात, ठीक आहे. फवाऱ्यात ते भरू नका. सगळे नको असलेले क्षार त्यातच गोळा झालेले असतात. एसीच्या नळीतलं पाणी क्षारमुक्त असतं हे खरं, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी घेऊन येतं. ते इस्त्रीला वापरा. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं पाणी कुणी सुचवेल. शेजारीच त्याच रंगाच्या कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं तीन चतुर्थांश अलगद ओतून घ्या. बायकार्बोनेटचा जडपणा भांड्याच्या तळाशी बसलेला दिसेल. सगळा जडपणा जात नाही, सल्फेटचा तसाच राहतो, पण फरक पडतो. तुरटी फिरवून काही होत नाही. ती गढूळपणा खाली बसवते, विरघळलेले क्षार नाही. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. डाग तरीही पडतात, पण ओल्या फडक्याने निघतात. प्यायच्या वाटीत मात्र ते पाणी मी ठेवत नाही.

पावसाळ्यात मी गच्चीवर स्टीलचं पातेलं ठेवतो. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देतो, हवेतली धूळ धुऊन निघते, मग उघड्यावर थेट पडलेलं पाणी गाळून बाटल्या भरतो. पत्र्यावरून ओघळलेलं नाही.

पाण्याइतकाच उपयोगी पडतो तो काच ओढायचा रबरी वायपर, वीतभर रुंदीचा. फवारा मारल्यावर गेकोला प्यायला अर्धा-पाऊण तास द्यायचा, मग समोरच्या काचेवर उरलेले थेंब वायपरने खाली ओढायचे. वीस सेकंदांचं काम. फवारा मारतानाही नोझल काचेकडे न धरता पानांकडे आणि मागच्या भिंतीकडे धरा. समोरच्या काचेवर थेंब असलेच पाहिजेत, असं गेकोचं काही म्हणणं नसतं.

आता राहिली ती न जाणारी धूसर झाक. दोनदा पोटीस लावूनही ती गेली नाही, बुडबुडेही आले नाहीत, तर आणखी आम्ल लावून उपयोग नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात सिलिकाही असते, ती व्हिनेगरला दाद देत नाही. काचेसाठी मिळणाऱ्या सीरियम ऑक्साइडच्या पॉलिशने ती कधी कधी निघते. ते काम पेटी पूर्ण रिकामी करून, बाहेर, तास-दोन तास हाताने घासत करायचं, आणि नंतर पूड राहू नये म्हणून तीन-चारदा धुवायचं. मी एकदा केलं, खांदा आठवडाभर दुखला. दुसऱ्या पेटीच्या वेळी ती काच भिंतीकडे वळवली, तिच्यावर बाहेरून काळा कागद चिकटवला आणि मागची स्वच्छ बाजू समोर आणली. कासव दोन दिवस गोंधळलं, मग नेहमीच्या दगडावर जाऊन बसलं.